आगेऱ्याचा ट्रक

ॲश्टन आला तेव्हा मी बोंबील साफ करत होते. हातात सुरी होती ते बरंच झालं, कारण तो जे बोलायला आला होता ते रिकाम्या हातानं ऐकवलं नसतं.

"काकी, काका कुठाय?"

"मागं. म्हाताऱ्यापाशी."

माझ्या घरात म्हातारे दोन. एक माझा नवरा डेनिस, आणि दुसरा त्याच्या बापानं घेतलेला पेट्रोलचा ट्रक. वय ट्रकचं जास्त, पण आवाज डेनिसचा मोठा. कलिनाच्या बाजूला आमची शेती होती तेव्हा हा ट्रक भात आणि भाजी वाहायचा. शेती गेली, ट्रक राहिला. आता वर्षातून एकदाच काम करतो, आगेऱ्याला. ऑक्टोबरात नव्या भाताच्या लोंब्या आमच्या पाखाडीच्या, म्हणजे वाडीच्या, क्रुसापासून वाजतगाजत देवळात न्यायच्या आणि फादरनं त्यांना आशीर्वाद द्यायचा. वाकोल्यात आता भात कुठला पिकतोय? लोंब्या गोराईवरून येतात. पण देवळात जातात आमच्याच ट्रकातून. हा आमच्या घरचा मान.

"मग तूच सांग त्यांना," ॲश्टन म्हणाला. तो डेनिसच्या भावाचा पोरगा, पाखाडीच्या कमिटीचा सेक्रेटरी. "गेल्या वर्षी देवळाच्या चढावर म्हातारा मेला. आम्ही पोरांनी ढकलला. माझी कंबर अजून दुखते गं. लोक हसत होते, बँडवाले हसत होते."

"माहितेय. मी होते तिथं."

"यंदा ढकलणार नाय कोण. रविवारी आपल्या पायानं देवळापर्यंत चालला तर राहू दे तिथं चिंचेखाली. नाय चालला तर सोमवारी भंगारवाला येतोय. कमिटीत ठरलंय. चार गाड्यांची जागा खातो काकी तो, चार!"

"आणि मग लोंब्या कशात नेणार?"

"टेम्पो सांगून ठेवलाय."

मी बोंबलाचं डोकं असं काही उडवलं की तो दोन पावलं मागं सरकला. पण पोरगा खोटं बोलत नव्हता, हाच तर वैताग. गाड्या लावायला जागा नाही, रोज सकाळी भांडणं, आणि मधोमध आमचं हे धूड.

डेनिसला सांगायला गेले तर तो ट्रकमध्ये बसून होता, स्टेअरिंगमागं, रोजच्यासारखा. गेल्या नाताळाच्या आधी त्याला लकव्याचा झटका आला. पाय सुधारले. जीभ तर दुप्पट सुधारली. डावा हात मात्र मांडीवर मेल्या माशासारखा पडून असतो. तेव्हापासून घरात तो खुर्चीत बसतो आणि भिंतीकडे बघतो. पण संध्याकाळी ट्रकात चढून बसला की माणूस होतो. शिव्या देतो, हसतो, बापाच्या गोष्टी सांगतो. ट्रक गेला तर हा खुर्चीतून परत उठायचा नाही, हे मला चांगलंच ठाऊक होतं.

"धोंडिरामला फोन लाव," तो म्हणाला.

धोंडिराम म्हणजे साकीनाक्याचा मेस्त्री, या ट्रकाला हात लावणारा एकमेव माणूस. फोन लावला तर तो गावी, डोळ्याचं ऑपरेशन झालेलं.

"वहिनी, दिवाळीशिवाय मी येत नाय," तो म्हणाला. "कार्बोरेटर जाम झालाय त्याचा, दुसरं काय नाय. खोलायचा, धुवायचा, परत बसवायचा. पण आताची पोरं कार्बोरेटर बघून हसतात. डेनिसभाऊ करतील की."

"भाऊंना एकच हात हाय."

"मग दुसरा तुमचा," धोंडिराम म्हणाला आणि हसत सुटला.

तो मस्करीत बोलला. मी खरंच धरलं.

"मी खोलते," मी डेनिसला म्हटलं.

"तू?" तो एवढा हसला की त्याला ठसका लागला. "चाळीस वर्षांत कधी बॉनेट उघडलंयस?"

"चाळीस वर्षांत तू कधी सोरपोतेल केलंयस? तरी रोज सांगतोसच ना, मीठ कमी, व्हिनेगर जास्त. आता तू सांग, मी करते. जमलं तर जमलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टूल घेऊन गेले. ऑक्टोबरचं ऊन असं की बॉनेटला हात लावला तर पोळत होता. डेनिस बाजूला खुर्ची टाकून बसला, उजव्या हातात वेताची छडी, शाळेतल्या मास्तरासारखी. वर तव्याएवढा हवेचा फिल्टर, तो काढला. मग पेट्रोलची नळी, चोकची वायर, ॲक्सिलेटरची दांडी. मग खालचे नट, आणि तिथंच वाट लागली.

"पाना नीट धर. उलटा फिरवतेस तू!"

"तू गप बस रे. नट माझ्याकडे बघतोय, तुझ्याकडे नाय."

नट काही हलेना. माझं नख तुटलं, बोटाचं साल निघालं, घाम डोळ्यांत उतरला. शेवटी मी देवमातेचं नाव घेऊन आणि लगेच एक घाणेरडी शिवी देऊन सगळं अंग पान्यावर टाकलं. कटकन आवाज आला. मला वाटलं, मोडला. मोडला नव्हता, सुटला होता! मी स्टुलावरून ओरडलेच. समोरच्या घरातून सोनूबाई खिडकीत आली, काय झालं म्हणून.

"नट सुटला!" मी सांगितलं.

"कुणाचा?" ती म्हणाली. आमच्या पाखाडीत सरळ उत्तर कोणी देत नाही.

कार्बोरेटर हातात आला तो चांगला जड, नारळाएवढा, काळा, चिकट. आत काय असेल ते बघायची मला घाई झाली होती, नाताळची पुडी उघडताना पोरांना होते तशी. घरात आणून ओट्यावर पेपर पसरला आणि खोलला. वरचं झाकण निघालं, आणि बघते तर काय, एवढ्याशा डब्यात किती भानगडी! बारीक भोकांचे पितळी जेट, स्प्रिंगा, चेंडूसारख्या गोळ्या, टाचणीएवढी सुई, आणि एक पितळी पोकळ भोपळा.

"हा फ्लोट," डेनिस म्हणाला. "पेट्रोलवर तरंगतो. डबा भरला की वर उचलतो आणि सुईनं पेट्रोल बंद करतो. संडासाच्या टाकीतला गोळा असतो ना, तसाच."

"मग नीट सांग ना असं. उगाच इंग्लिश कशाला?"

आमच्या पोरीनं, किम्बर्लीनं, मुलुंडवरून व्हिडिओ पाठवला होता. त्यात एक गोरा माणूस हातमोजे घालून पांढऱ्याशुभ्र टेबलावर एकेक भाग ओळीत मांडत होता. डेनिस म्हणाला, "हा काय अपेंडिक्स काढतोय काय?" पण ओळीत मांडायची अक्कल बरोबर होती, नाहीतर मला परत जोडताना काही कळलं नसतं. मी नाताळच्या मिठाईचे रबराचे साचे काढले. प्रत्येक खाचेत एक भाग पुसून ठेवला. मोठा जेट माशात, छोटा शंखात, स्प्रिंग ताऱ्यात, सुई घंटेत. डेनिसनं कपाळाला हात लावला, पण थोड्या वेळानं तोच म्हणायला लागला, "माशातला दे. आता घंटेतली सुई दाखव."

इथपर्यंत झकास होतं. मग मी माझं डोकं चालवलं.

बाहेरचं मुख्य धड इतकं घाण होतं की ब्रशनं काही होईना. आमच्या घरात पितळ काळं पडलं की एकच औषध, ताडीचं व्हिनेगर. माझ्या आईचं, तिच्या आईचं औषध. मी भरणीतलं कडक व्हिनेगर पातेल्यात ओतलं, धड त्यात बुडवलं, वर झाकण ठेवलं आणि देवळात नोव्हेनाच्या प्रार्थनेला निघून गेले. डेनिस झोपला होता. उठवून विचारायला हवं होतं, पण मला त्याला चमकता कार्बोरेटर दाखवून गप्प करायचं होतं.

नोव्हेनानंतर बायकांत जरा गप्पा रंगल्या. घरी आले तर डेनिस ओट्यासमोर उभा, पातेल्याचं झाकण हातात.

"बर्था," तो हळू आवाजात म्हणाला. तो हळू बोलला की समजायचं, खरं संकट आलं. "माझा कार्बोरेटर तू लोणच्यात घातलास?"

मी आत बघितलं. व्हिनेगर गढूळ झालेलं, वर फेस. धड बाहेर काढलं तर काळंकुट्ट, आणि अंगावर बुरशी धरावी तशी पांढरी पूड.

"पितळ साफ होतं ना व्हिनेगरनं..."

"हे पितळ हाय काय? हे जस्त हाय गं! जस्ताला खातं व्हिनेगर! आतली भोकं बुजली असतील सगळी!" आता आवाज मोठा झाला आणि सोनूबाईची खिडकी उघडली. "पन्नास वर्ष बापानं सांभाळला, तीस वर्ष मी सांभाळला, आणि हिनं एका संध्याकाळी मुरवला!"

मी बसले खाली. रडूच आलं मला. त्याच्या शिव्यांचं नाही काही. त्याला गप्प करायच्या नादात मीच त्याचा ट्रक मारला, असं वाटलं. हातात ते काळं धड होतं आणि त्याला लोणच्याचा वास येत होता.

डेनिस बडबडत बडबडत बाहेर गेला, परत आला, परत गेला. मग माझ्यासमोर उभा राहिला.

"रडून पूड जाणार नाय. उठ. खायचा सोडा आण, गरम पाणी आण. दातांचा ब्रश आण."

"कुणाचा?"

"तुझा! तूच केलंस ना?"

सोड्याच्या पाण्यानं घासघास घासलं. वरची पूड गेली. खड्डे पडले होते, पण बारीक, देवीच्या वणासारखे. आतल्या वाटा मात्र बंदच. टोचायला काही घेतलं तर ते जाड पडायचं. डेनिस दाराच्या चौकटीला टेकून बघत होता.

"गिटारची पातळ तार काढ," तो म्हणाला.

मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. गिटार भिंतीवर होती. लग्नात, बारशाला, आगेऱ्याला तो वाजवायचा. झटका आल्यापासून तिला कोणी हात लावला नव्हता. मी फक्त धूळ पुसायची.

"काढ म्हणतो ना! डाव्या हाताशिवाय गिटार म्हणजे नुसतं लाकूड. तार तरी कामाला येऊ दे."

काढली. तार एका भोकात घातली, फिरवली, ओढली, परत घातली. पांढरा चिखल निघाला. मग सायकलचा पंप लावून हवा मारली. एका बाजूनं हवा, दुसऱ्या बाजूला डेनिसचा गाल.

"आली?"

"नाय."

परत तार. परत पंप.

"आली?"

तो एकदम हसला. "आली गं! गार लागली गालाला! मार, अजून मार!"

एकेक वाट उघडत गेली तशी आम्ही दोघं पोरांसारखी ओरडत होतो. शेवटच्या भोकातून हवा आली तेव्हा त्यानं उजव्या हातानं माझं डोकं धरून केसांचा मुका घेतला. तीस वर्षांत असा मुका घेतला नव्हता, आणि घेतला तेव्हा केसांना पेट्रोल!

झाकणाखाली घालायचा पॅकिंगचा कागद आणून कापला, सगळं जोडलं, ट्रकावर चढवलं. डेनिस आत बसला. मी बॉनेटपाशी.

"मारू?"

"मार!"

स्टार्टर कण्हला. एकदा, दोनदा, आणि मग धडाड! सगळा ट्रक हलला, चिंचेवरचे कावळे उडाले, सायलेन्सरमधून काळा धूर निघाला. मी दोन्ही हात वर केले. आणि त्याच क्षणी कार्बोरेटरच्या वरून पेट्रोल ओसंडून वाहायला लागलं, दूध उतू जावं तसं, खाली चालत्या इंजिनावर.

"बंद कर! बंद कर! पेटेल!"

इंजिन बंद झालं. पेट्रोल टपटप गळत होतं. आणि नेमका ॲश्टन फाटकात उभा.

"काकी," तो घाबरून म्हणाला, "पाखाडी जाळाल. राहू दे ना आता. टेम्पो हाय."

डेनिस खाली उतरला, घरात गेला आणि खुर्चीत बसून भिंतीकडे बघायला लागला. हाक मारली तरी मान वळवली नाही. त्याच्या शिव्या खाल्ल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच स्टुलावर चढले. नट आता माझ्या ओळखीचे झाले होते, पटापट सुटले. ओट्यावर झाकण उघडलं आणि एकेका भागाला विचारत बसले, बोल, तू केलंस काय? सुई ठीक होती. तिची जागा ठीक होती. फ्लोट हातात घेतला. जरा जड वाटला. म्हणून मी सहज, बाजारात नारळ घेताना कानाशी धरून हलवतो ना, तसा हलवला.

खळक.

मी परत हलवला. खळक!

"डेनिस! अरे डेनिस! यात पाणी हाय!"

तो खुर्चीतून उठला. सांगते, ताडकन उठला.

"पाणी नाय, पेट्रोल! बघू!" त्यानं कानाला लावला. "फुटलाय! आत पेट्रोल शिरलंय, मग तरंगणार कसा? बुडणारच! आणि हा बुडाला की पेट्रोल बंद कोण करणार? बर्था, तू सापडवलंस!" मग त्याचा चेहरा पडला. "भोक मात्र कुठं ते दिसत नाय."

"गरम पाण्यात घालू. बुडबुडे येतील."

मी गॅसवर पातेलं ठेवलं आणि फ्लोट उचलला तर डेनिस किंचाळला, "आधी गॅस बंद कर! पाखाडी उडवतेस काय?"

गॅस बंद केला, पातेलं अंगणात नेलं, फ्लोट चिमट्यानं पाण्यात दाबला. आम्ही दोघं डोक्याला डोकं लावून बघत बसलो. आधी काही नाही. मग सांध्याच्या कडेला मोहरीएवढा एक बुडबुडा आला. मग त्याच्यामागं दुसरा, मग माळच लागली. मी खिळ्यानं तिथं खूण केली. पेट्रोल सगळं निघेपर्यंत पाणी बदलत राहिलो.

रिक्षा करून साकीनाक्याला गेले. रेडिएटरला झाळ मारणारा प्रबुद्ध म्हणून एक जण आहे, धोंडिरामच्या ओळखीतला. त्यानं फ्लोट घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

"आतलं पेट्रोल काढलं का मावशी? नायतर माझ्या तोंडावर फुटेल."

"गरम पाण्यात उकडून काढलंय. हलवून बघ."

त्यानं हलवलं. आवाज नाही. तरी त्यानं आणखी थोडा वेळ गरम पाण्यात ठेवलाच. मग थेंबभर झाळ लावली, जास्तीची घासून काढली. "जास्त लागली तर जड होऊन परत बुडेल," तो म्हणाला. "कुणासाठी नेताय?"

"माझ्यासाठी. मी बसवतेय."

त्यानं बाजूच्या गाळ्यातल्या दोघांना हाक मारली. "अरे इकडं या, ही मावशी कार्बोरेटर बांधतेय!" ते आले, बघायला लागले. मला लाजल्यासारखं झालं आणि छातीही फुगली.

शनिवारी संध्याकाळी परत जोडला. या वेळी सोनूबाई खिडकीत नव्हती, अंगणातच होती, आणि तिच्यामागं निम्मी पाखाडी. ॲश्टन वाळूची बादली घेऊन उभा.

"मारू?" डेनिस आतून ओरडला.

मी छातीवर क्रुसाची खूण केली. "मार!"

धडाड! धूर, कावळे, सगळं तसंच. मी कार्बोरेटरवर वाकले. एक थेंब नाही. डेनिसनं सांगितलं तसा बाजूचा स्क्रू थोडा आत फिरवला, थोडा बाहेर, आणि खोकणारं इंजिन हळूहळू एका लयीत बोलायला लागलं. घुर्र घुर्र घुर्र, पोट भरल्या मांजरासारखं. मी स्टुलावरून उतरले तशी सोनूबाईनं मला मिठी मारली. तिच्या पांढऱ्या मॅक्सीवर माझी दहाच्या दहा काळी बोटं उमटली.

रविवारी मी लाल लुगडं नेसले, गळ्यात पोत, केसांत फुलं. नखं मात्र काळीच, कितीही घासली तरी. आमच्या चिंचेशेजारच्या क्रुसापाशी बँड उभा. लोंब्यांच्या पेंढ्या झेंडूनं सजवलेल्या ट्रकात चढवल्या. डेनिस कोट घालून आत बसला. स्टार्टर मारला, एका फटक्यात इंजिन सुरू. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बँड वाजायला लागला, मिरवणूक पुढं निघाली.

ट्रक जागेवरच.

"डेनिस, चल ना रे!"

मी वर चढून आत डोकावले. त्याचा उजवा हात स्टेअरिंगवर, पाय क्लचवर, आणि नजर गिअरच्या दांडीवर. दांडी त्याच्या डाव्या हाताला. आणि डावा हात मांडीवर.

देवा रे! आठवडाभर आम्ही कार्बोरेटर कार्बोरेटर करत होतो, नट, जेट, फ्लोट. आणि गिअर कोण टाकणार, हा विचार एकाच्याही डोक्यात आला नाही. त्याच्या नाही, माझ्या नाही, अख्ख्या पाखाडीच्या नाही!

डेनिसच्या कपाळावर घाम. तो उजवा हात सोडून आडवा वाकला, दांडी धरायला, तर स्टेअरिंग सुटलं, आणि गाडी चालू लागल्यावर ते सोडून कसं चालेल? मागं कोणीतरी हसलं. बँड थांबला. ॲश्टन धावत आला.

"काका, उतरा. मी चालवतो."

"तुला जमायचं नाय," डेनिस म्हणाला. आवाज अगदी खाली गेलेला. "याचा गिअर पोरा, तुला..." आणि बोलता बोलता त्यानं किल्लीकडे हात नेला.

"खबरदार बंद केलास तर!" मी ओरडले. लुगडं वर खोचलं, दुसऱ्या बाजूनं चढले आणि त्याला चिकटून बसले. दांडी दोन्ही हातांनी धरली. ती घोड्याच्या मानेसारखी थरथरत होती. "क्लच दाब. आणि सांग, कुठं?"

तो माझ्याकडे बघत राहिला.

"सांग ना रे! आठवडाभर सांगतच होतास!"

"तुझ्याकडे ओढ," तो म्हणाला. "आणि पुढं. जोरात."

ओढली आणि ढकलली. करकर आवाज आला, सगळी पाखाडी दात आवळून उभी, आणि मग खाड! बसला. डेनिसनं क्लच सोडला आणि म्हातारा हलला. आपल्या पायानं हलला! बँडवाल्यांनी एकदम सूर धरला, कुठला ते त्यांनाही माहीत नसेल.

"आता दुसरा. मध्ये आण. थांब... क्लच... आता मागं!"

खाड. चढ आला. गेल्या वर्षी मेला तो चढ. दोन्ही बाजूंना माणसं, सगळ्यांच्या नजरा चाकांवर. इंजिन जरा दबलं, डेनिसनं पाय दाबला, आणि त्या काळ्या, खड्ड्या पडलेल्या, लोणच्याचा वास येणाऱ्या डब्यानं पेट्रोल दिलं. म्हातारा गुरगुरत वर चढला. देवळाच्या दारात फादर उभे होते. पेंढ्या उतरल्या, पोरं त्या डोक्यावर घेऊन आत गेली.

ॲश्टन खिडकीशी आला. फोन कानाला होता. "हां, भंगारवाले ना? उद्या नको. नाय, परवा पण नको." फोन ठेवून त्यानं आमच्याकडे बघितलं आणि हसला. "काकी, झकास! आता बंद करा आणि चला देवळात मिस्सेला."

मी डेनिसकडे बघितलं. उजवा हात स्टेअरिंगवर, कोटाला धूळ, डोळे ओले, पण तोंडभर हसू. समोर रस्ता हायवेपर्यंत रविवारचा मोकळा होता.

"बंद करू?" मी विचारलं.

"फादर थांबेल," तो म्हणाला. पहिला आणि दुसरा आता मला येत होते, खाड, खाड, आणि म्हातारा रस्त्याला लागला. "तिसरा टाक."

तिसरा मी अजून टाकलाच नव्हता. कुठं असतो तेही मला माहीत नव्हतं. त्यानं क्लच दाबला, आणि मी दांडी पुढं ढकलली.